वाफ गेली, शब्द राहिले

सन १८५३ च्या एप्रिलच्या १६ व्या तारखेस तीन इंजिने जोडलेली १४ डब्यांची गाडी सुमारे ४०० पाहुण्यांस घेऊन बोरीबंदराहून ठाण्यास गेली. अंतर अवघे २१ मैलांचे. परंतु त्या वाटेने आमच्या भाषेत एक नवा व्यवहार शिरला. लोकांनी पंडितांची सभा भरण्याची वाट पाहिली नाही. त्यांनी ‘आगगाडी’ हा शब्द घडविला, प्लॅटफॉर्मचा ‘फलाट’ केला, वॅगनची ‘वाघीण’ केली. आणि गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते त्या जागेस ‘सांधा’ म्हटले. सांधा चुकला तर माणसे मरत. म्हणून सांधेवाल्यास त्या शब्दाचा अर्थ समजावून द्यावा लागत नसे.

वाफेचे ते युग सरले. १९७० साली चित्तरंजनच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या ब्रॉडगेजच्या शेवटच्या वाफेच्या इंजिनास ‘अंतिम सितारा’ हे नाव दिले होते. परंतु इंजिने गेली तरी त्या काळचे काही शब्द पावत्यांत व कायद्यात ठाण मांडून आहेत, आणि त्यांचा अर्थ न कळल्यास दंड आमच्या व्यापाऱ्यास बसतो.

‘डेमरेज’ म्हणजे मुदतीपलीकडे वाघीण अडकवून ठेवल्याचा आकार. ‘व्हार्फेज’ म्हणजे माल रेल्वेच्या आवारातून वेळेवर न उचलल्याचा आकार. दोन्ही शब्द मुळात जहाजांचे व धक्क्याचे. तिसरा शब्द याहून घातक. १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे ज्या मालास मालकाच्या जोखमीचा व रेल्वेच्या जोखमीचा असे दोन्ही दर लागू असतात, तो पाठविणाराने काहीच न निवडल्यास मालकाच्या जोखमीवर गेला असे समजले जाते. मग नुकसान भरून मागताना रेल्वेचा हलगर्जीपणा वा गैरवर्तन सिद्ध व्हावे लागते. मौनास कायदा संमती मानतो, तो असा!

यात दोष एकट्या रेल्वेचा नाही. मुनीमाच्या भरवशावर न वाचता सही करणारे आमचे व्यापारी बंधूही तितकेच दोषी आहेत. आमची सूचना साधी आहे. या तीन शब्दांचा अर्थ प्रत्येक मालधक्क्यावर स्वच्छ मराठीत फलकावर लिहावा. जेथे तसा फलक नाही तेथे व्यापारी मंडळांनी तो मागून घ्यावा. आणि सही करण्यापूर्वी प्रत्येकाने जोखमीचा रकाना स्वतः वाचावा. ज्या लोकांनी परक्या वॅगनची वाघीण करून दाखविली, त्यांनी तिच्या पावतीस भ्यावे, हे आम्हांस शोभत नाही.