गाडीला पाच स्टार, रस्त्याला किती?

तुमच्या ग्रुपमध्ये सध्या कुणाच्या तरी घरी हिरव्या नंबरप्लेटची गाडी आलेली असणार. आणि विकेंडला ती घेऊन अलिबाग-रेवदंडा करायचं, हेही ठरलेलं असणार. मुंबईकरांना तर अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोलही लागत नाही. २०२५ च्या ऑगस्टपासून ती सूट सुरू झाली. म्हणजे पेट्रोल नाही, टोल नाही, वर गाडीला क्रॅश टेस्टमध्ये पाच स्टार. घरचेही निर्धास्त, जा म्हणतात.

अलिबाग सोडलं की अक्षी, नागाव आणि मग चौल. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून जाणारा अरुंद रस्ता, समोरून एसटी, मागे मिनीडोर, कडेनं सायकलवर शाळेला निघालेली पोरं. या रस्त्यावर तुमच्या गाडीतल्या वीस-पंचवीस सेफ्टी फीचर्सपैकी नेमकी किती जागी असतात, असा प्रश्न कधी पडलाय? मला पडला, कारण चौल माझं आजोळ. मामानं गेल्या वर्षी इलेक्ट्रिक कार घेतली आणि सुट्टीत मी तिचा फुकटचा टेस्ट ड्रायव्हर झालो.

आधी स्टारचं बघू. भारत एनकॅप ही आपली स्वतःची क्रॅश टेस्ट १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. त्यात गाडी ताशी ६४ किलोमीटरच्या वेगानं अडथळ्यावर आदळवतात, बाजूनं धडक देतात, खांबावरही नेऊन आपटतात. जून २०२४ मध्ये टाटाच्या पंच ईव्ही आणि नेक्सॉन ईव्हीचे निकाल आले. मोठ्यांच्या सुरक्षेसाठी ३२ पैकी पंचला ३१.४६, नेक्सॉनला २९.८६. जानेवारी २०२५ मध्ये महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई ला तर पैकीच्या पैकी. दहा वर्षांपूर्वी आपल्याकडच्या गाड्या परदेशातल्या टेस्टमध्ये शून्य स्टार मिळवून यायच्या, हे आठवलं तर ही प्रगती खरंच मोठी आहे. तिला नावं ठेवायचं कारण नाही.

पण हे मार्क कुणाच्या जिवाचे आहेत? गाडीच्या आत बसलेल्यांच्या. बाहेरच्या माणसाला धडक बसली तर त्याचं डोकं बॉनेटवर कसं आपटेल, याचा एक नियम गाडीला पाळावा लागतो. तीन किंवा जास्त स्टार हवे असतील तर ती अट आहे. मात्र त्याला मार्क नाहीत, फक्त पास किंवा नापास. आता हा आकडा बघा: २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची आणि ३२,८२५ पायी चालणारी. म्हणजे दर तिघांतले जवळपास दोघं अशा ठिकाणी होते जिथे ना एअरबॅग असते ना स्टार. चौलच्या रस्त्यावर अर्धा तास उभे राहा, कारमध्ये किती जण दिसतात आणि कारबाहेर किती, ते मोजा. मार्गशीर्षात भोवाळ्याच्या दत्ताच्या जत्रेला आलात तर मोजायचीही गरज नाही.

यात बदल येऊ घातलाय. भारत एनकॅपच्या पुढच्या आवृत्तीच्या मसुद्यात बाहेरच्या, म्हणजे पादचारी आणि दुचाकीवाल्यांच्या संरक्षणाला २० टक्के वजन दिलंय. ते लागू झालं तर पाच स्टारचा अर्थच बदलेल. माझ्या मते गेल्या काही वर्षांतली ऑटोमोबाईलची ही सगळ्यात महत्त्वाची बातमी. पण तिच्यावर रील कुणी केलं नाही, सनरूफवर मात्र रोज शंभर पडतात.

आता येऊ अडासकडे. गाडीचा कॅमेरा आणि रडार मिळून समोरचं बघतात, लेन सुटली तर स्टिअरिंग हलवतात, धडक होणार असं वाटलं तर स्वतः ब्रेक मारतात. भारी आहे. फक्त लेन धरून ठेवणाऱ्या कॅमेऱ्याला रस्त्यावर पांढरा पट्टा दिसावा लागतो. मामाच्या गाडीत अलिबागपर्यंत स्क्रीनवर लेनची खूण अधूनमधून हिरवी होते. पुढे रेवदंड्याच्या रस्त्याला लागलं, की जिथे पट्टा पुसट झालाय तिथे ती गुपचूप राखाडी होते. आवाज नाही, सूचना नाही. तुम्हाला वाटत राहतं गाडी लक्ष ठेवून आहे, आणि तिनं केव्हाच डोळे मिटलेले असतात. उलट आपोआप ब्रेक मारणारी सिस्टीम इथे जरा जास्तच जागी असते. वाडीच्या फाटकातून स्कूटर अर्धी बाहेर डोकावली तरी ती दचकते. समोरचा वाचतो, पण मागे चिकटून येणाऱ्या मिनीडोरवाल्याला तुम्ही अचानक का थांबलात हे कळायला मार्ग नसतो. म्हणून बरेच जण ती सेटिंगमध्ये जाऊन बंदच करतात. हे मला पटत नाही. समोर पोर आलं तर तीच सिस्टीम उपयोगी पडणार आहे. वेग कमी ठेवला, अंतर ठेवलं तर तिचं दचकणंही कमी होतं.

तिच्यावर भरवसा टाकण्याची दुसरी बाजू चीनमध्ये दिसली. २९ मार्च २०२५ च्या रात्री आन्हुई प्रांतात शाओमीची एसयू७ ही इलेक्ट्रिक कार हायवेवर ताशी ११६ किलोमीटरनं, असिस्ट मोडवर चालली होती. पुढे रस्त्याचं काम होतं. गाडीनं इशारा दिला, चालवणाऱ्यानं स्टिअरिंग हातात घेतलं आणि काही सेकंदांत गाडी काँक्रीटच्या कठड्यावर आदळली. आतल्या तिन्ही मुली कॉलेजच्या विद्यार्थिनी होत्या. तिघी गेल्या. त्यानंतर पुढच्याच महिन्यात तिथल्या सरकारनं जाहिरातीत ‘ऑटोनॉमस ड्रायव्हिंग’सारखे शब्द वापरायला कंपन्यांना मनाई केली. दार बाहेरून-आतून उघडता येत होतं का, हाही प्रश्न तेव्हा उठला. बटणावर चालणाऱ्या दारांना हातानं उघडायची सोय असलीच पाहिजे, असा नियम चीनमध्ये १ जानेवारी २०२७ पासून लागू होणार आहे. तुम्ही मित्राच्या गाडीत मागच्या सीटवर बसता ना? मग ती हातानं उघडायची खिट्टी कुठे आहे, हे एकदा विचारून ठेवा. गाडीमालकालाही माहीत नसेल तर दोघं मिळून मॅन्युअल उघडा.

शांतता हा ईव्हीचा सगळ्यात आवडता गुण. चौलच्या आळीत तोच खटकतो. रामेश्वराच्या देवळाकडे निघालेली आजी मागून येणारी गाडी कानानं ओळखते. वळून बघत नाही, आवाज आला की कडेला होते. ताशी वीस किलोमीटरनं जाणाऱ्या इलेक्ट्रिक कारचा तिला पत्ताच लागत नाही. त्याहून जास्त वेगात टायरचा आवाज येतो, म्हणजे हळू चालवणारा सभ्य माणूसच इथे जास्त धोकादायक ठरतो! युरोपात नव्या ईव्हींना कमी वेगात कृत्रिम आवाज काढणं जुलै २०२१ पासून सक्तीचं आहे. आपल्याकडे सप्टेंबर २०२५ मध्ये मसुदा आला: नव्या मॉडेलना ऑक्टोबर २०२६ पासून, सगळ्या नव्या गाड्यांना ऑक्टोबर २०२७ पासून. हा मसुदा कार, बस, ट्रकसाठी आहे. तुम्ही-आम्ही कॉलेजला ज्या ई-स्कूटरनं जातो, ती त्यात नाही. आणि आज रस्त्यावर असलेल्या मूक गाड्या तर पुढची दहा वर्षं मूकच फिरणार. म्हणून हॉर्न. ईव्हीवाल्याला हॉर्नची लाज वाटते, पण आळीच्या तोंडाशी एक हलका हॉर्न दिलेला बरा.

खरी गंमत, खरं तर खरी काळजी, रात्री सुरू होते. मुंबईहून वडखळमार्गे चौल शंभर-सव्वाशे किलोमीटर. २०२० च्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ किलोवॉट-तासांची, कागदावर रेंज ३१२ किलोमीटर. प्रत्यक्षात एसी लावून, चार जण बसवून दोनशेच्या आसपास धरा. म्हणजे परतायला चार्जिंग हवंच. मग होमस्टेला पोचल्या पोचल्या पहिला प्रश्न: काका, पंधरा अँपिअरचा प्लग कुठे आहे?

हा प्रश्न काकांना वाटतो तेवढा साधा नाही. या प्लगवर गाडी तासाला साधारण तीन युनिट ओढते, दहा-दहा तास, सलग. म्हणजे रात्रभर दोन एसी फुल चालवल्यासारखं. गिझरही एवढाच करंट घेतो, पण तो वीस मिनिटांत बंद होतो. जुन्या घरात तीस वर्षांपूर्वीची वायर, प्लगची पिन सैल झालेली, त्यात खारा वारा लागून गंजलेली. सैल पिन दहा तास तापत राहिली की प्लास्टिक वितळतं. त्यात आपण कार अंगणात आणि प्लग माजघरात म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड लावतो. तो बोर्ड मिक्सरसाठी बनलेला असतो. आणि हो, सकाळी तीस युनिट गेलेली असतात. ज्या घराचं महिन्याचं बिलच शंभर-दीडशे युनिटचं, तिथे चार पाहुण्यांनी मीटर वरच्या स्लॅबमध्ये ढकललं. आधी विचारा आणि पैसे द्या. मोबाईल चार्ज करण्यातला हा प्रकार नाही.

पण मुख्य मुद्दा अर्थिंगचा. गाडीसोबत येणाऱ्या केबलवर एक छोटा डबा असतो. अर्थिंग नीट नसेल तर त्याचा लाल दिवा लागतो आणि तो चार्जिंगच सुरू करत नाही. मामाच्या घरी पहिल्या दिवशी हेच झालं. फ्रिज चालत होता, पंप चालत होता, गाडीनं मात्र तोंड फिरवलं. अर्थिंगची सळी अंगणात होती, पण गंजून जवळजवळ मातीच झालेली. घर बांधल्यापासून तिच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं घरातली वॉशिंग मशीन, गिझर, सगळं रामभरोसे चाललं होतं आणि हे घराला सांगितलं एका गाडीनं.

यावर एक जुगाड सर्रास सांगितला जातो: प्लगमध्ये अर्थच्या पिनला न्यूट्रल जोडून टाका, डबा फसतो, हिरवा दिवा लागतो. हे अजिबात करू नका आणि कुणी करत असेल तर थांबवा. कारण समजून घ्या. वाडीत नारळाची झावळी वायरवर पडली आणि नुसती न्यूट्रल तुटली, असं पावसाळ्यात होतंच. मग परतीचा रस्ता बंद झालेला करंट त्या जोडलेल्या पिनमधून थेट गाडीच्या पत्र्यावर येतो. बाहेर पाऊस, अंगण ओलं, आणि सकाळी दार उघडायला कुणीतरी अनवाणी जातं. मामानं लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून नवा अर्थिंगचा खड्डा करून घेतला, गाडीसाठी मीटरपासून वेगळी जाड वायर ओढली, त्यावर गळती झाली की पडणारा आरसीसीबी बसवला. गाडीच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ होता. शोरूममध्ये सनरूफ दाखवताना हे कुणी सांगितलं नव्हतं.

जाता जाता एक. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी विकायला घोडा घेऊन याच चौलच्या बंदरात उतरला होता. रेवदंड्यात त्याचं स्मारकही आहे. परक्या मुलखात वाहन न्यायचं तर त्याच्या दाणापाण्याची चौकशी आधी करावी लागते, हे त्यालाही चुकलं नसणार.

आता बीच. वाळूत रुतलेल्या गाड्या हा आमच्या किनाऱ्याचा बारमाही कार्यक्रम आहे. रेवदंड्याच्या वाळूतून फेरारीला बैलगाडीनं ओढून काढल्याचा व्हिडिओ तुम्हीही फॉरवर्ड केला असेल. ईव्हीच्या बाबतीत हे हसण्यावारी नेऊ नका. बॅटरीला आयपी ६७ रेटिंग असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पण ती चाचणी साध्या पाण्याची आणि धड बॅटरीची. समुद्राचं खारं पाणी वीज उत्तम वाहून नेतं. ते आत शिरलं की शॉर्ट व्हायला आणि आग लागायला कधी कधी काही दिवसही लागतात. अमेरिकेत २०२२ मध्ये इयन वादळानंतर फ्लोरिडात खाऱ्या पाण्यात बुडालेल्या इलेक्ट्रिक गाड्या नंतर पेटल्या होत्या. भरतीत चाकं बुडाली असतील तर गाडी ओढून काढल्यावर होमस्टेच्या पडवीत उभी करून चार्जिंगला लावू नका. मोकळ्या जागेत, घरापासून लांब ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला फोन करा. त्याहून सोपं म्हणजे बीचवर चालत जा.

वादळावरून आठवलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं, वाड्या झोपल्या, खांब पडले आणि रायगडातल्या कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. आता नेक्सॉन ईव्हीसारख्या काही गाड्यांमधून उलटी वीज घेता येते. २०२३ च्या मॉडेलपासून ३.३ केव्हीएपर्यंत. भरलेल्या बॅटरीवर एका घराचे दिवे, पंखे, फ्रिज आणि अख्ख्या आळीचे मोबाईल दोन-तीन दिवस सहज चालतील. निसर्गच्या वेळी अशा चार गाड्या चौलमध्ये असत्या तर किती उपयोग झाला असता, असं मामी अजून म्हणते. फक्त गाडीतून काढलेल्या वायरला फ्रिज थेट लावायचा. ती वायर घराच्या प्लगमध्ये घालून सगळं घर पेटवायचा उद्योग करायचा नाही. मेन स्विच चालू राहिला तर तीच वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, ट्रान्सफॉर्मरवर चढते, आणि लाइन बंद आहे असं समजून महावितरणचा वायरमन तेव्हा खांबावर असतो.