ताई, ओरिजिनल आहे ना?

नोकरीनं मी टेस्टर. म्हणजे बाकीच्यांनी रात्र रात्र जागून लिहिलेल्या कोडमधल्या चुका काढायच्या आणि महिनाअखेरीला त्याचे पैसे घ्यायचे. (सासू होण्याची तयारी म्हणा हवं तर!) त्यामुळे घरात नवी वस्तू आली की आधी माझ्यापुढे येते. मामानं आणलेलं परफ्यूम, बाबांचं फुटपाथवरचं घड्याळ, आईची ‘शुद्ध’ पैठणी. निकाल बहुधा एकच... फर्स्ट कॉपी!

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला धाकटा भाऊ माझ्या खोलीत आला आणि त्यानं दार लावून घेतलं. हिंजवडीत नोकरीला लागून जेमतेम सहा महिने झालेत त्याला. हातात हायलायटरएवढी गुलाबी कांडी आणि तिचा डबा.

“ताई, ओरडू नकोस. फक्त सांग, ओरिजिनल आहे ना?”

वेप होतं ते. आंबा फ्लेवर. ऑफिसबाहेरच्या टपरीवर बिस्किटांच्या बरणीमागून निघालेलं, किंमत अठराशे रुपये. सिगारेट सोडायची म्हणून साहेबांनी हे धरलं आणि आता आठवडाभर खोकत होते. त्यामुळे शंका आली, माल डुप्लिकेट तर नाही?

ओरडायचं जाम मनात होतं. पण तो बोलता बोलता पुन्हा खोकला. मग मी जे येतं तेच केलं, टेस्ट केसेस काढल्या.

टेस्ट १, छपाई. इशाऱ्यातलं एक अक्षर गळलेलं, रंग किंचित फिका. संशयाला जागा आहे, पण पुरावा नाही. हल्ली नकली डबेसुद्धा इतके सफाईदार असतात की नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये.

टेस्ट २, आकडे. इथे मजा आली. डबा म्हणे ब्रिटनचा. तिथल्या नियमानुसार एका मिलिलीटरमध्ये जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम निकोटिन चालतं, म्हणजे २ टक्के. डब्यावर छापलेले ५ टक्के! पुढे लिहिलंय, आत रस २ मिलिलीटर आणि झुरके ५,०००. एवढ्याशा रसात साधारण ६०० झुरके निघतात. ही कांडी आहे की द्रौपदीची थाळी?

टेस्ट ३, कोड. “ते मी केलंय गं,” भाऊ म्हणाला. “स्टिकर खरवडला, स्कॅन केला, ‘अभिनंदन, अस्सल उत्पादन’ असं आलं.” आता सांगा, डबा ज्यानं छापला त्यानंच त्यावरचा चौकोनही छापला. तो स्कॅन केला की आपण त्याला हव्या त्या पानावर जाणार. चोरालाच विचारायचं, बाबा रे, तू चोर आहेस का? मी कंपनीचा पत्ता स्वतः टाइप केला, तिथे तोच आकडा घातला. उत्तर आलं, असा कोड आमच्याकडे नाही. आणि समजा, कोड सापडला असता तरी? एक खरा कोड हजार डब्यांवर छापायला कितीसा वेळ लागतो!

बग सापडला. मी विजयी मुद्रेनं त्याच्याकडे पाहिलं, तर साहेबांचा चेहरा माझ्याहून खुललेला.

“तरीच खोकला! उद्या ओरिजिनल आणतो.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतका वेळ मी टेस्टिंग नीट करत होते, पण प्रश्नच चुकीचा घेतला होता.

“कुठून आणणार?” मी विचारलं.

भारतात सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, साठवणं, तिची जाहिरात करणं, सगळं बंद. विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे बिल नाही, गॅरंटी नाही, तक्रार करायला खिडकी नाही. ओरिजिनल याचा अर्थ चकचकीत डबा नव्हे, राजा. काही बिघडलं तर ‘हो, हे आमचं’ म्हणणारा कुणीतरी असणं. टपरीवाला म्हणेल?

आणि बिघडतं तेव्हा साधं बिघडत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत वेप ओढणारी धडधाकट माणसं फुप्फुसं निकामी होऊन दवाखान्यात भरती होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दाखल आणि ६८ मृत्यू. बहुतेकांनी गांजातल्या टीएचसीची काडतुसं मित्रांकडून, दलालांकडून घेतली होती. त्यात व्हिटॅमिन ई अॅसिटेट मिसळलेलं होतं. त्वचेला लावायला ठीक, पोटात गेलं तरी ठीक, पण फुप्फुसात नाही! २०२३ मध्ये बीबीसीनं एका इंग्लिश शाळेत जप्त झालेले वेप लॅबमध्ये तपासून घेतले, तर त्यात शिसं, निकेल आणि क्रोमियम यांचं प्रमाण जास्त निघालं. जिथे विक्रीला नियम आहेत त्या देशातली ही कथा. आपल्या बरणीमागच्या मालाला कोण तपासणार? मी? छपाई बघून?

“आणि खरंखुरं ओरिजिनल असतं ना,” मी म्हटलं, “तरी आत निकोटिनच आहे. सवय डुप्लिकेट नसते.”

तो बराच वेळ गप्प बसला. मग हळूच म्हणाला, “ताई, सुटत नाहीये गं.”

हे मात्र अगदी ओरिजिनल होतं.

दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून दोघं डॉक्टरांकडे गेलो. छाती तपासून झाली, निकोटिनच्या गोळ्यांचा रीतसर कोर्स ठरला. डॉक्टरांनी तंबाखू सोडण्यासाठीच्या सरकारी मोफत हेल्पलाइनचा नंबरही दिला, १८००-११-२३५६. त्यानं तिथे फोन केला. माझ्यासमोर नाही, गॅलरीत जाऊन. चालेल. त्या कांडीत लिथियम बॅटरी असते, म्हणून ती ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात गेली.

आज एकोणीस दिवस झाले. साहेब चिडचिड करतात, बडीशेप संपवतात, रात्री माझ्या खोलीत येऊन उगाच टाइमपास करतात. आईला अजून काही माहीत नाही. (हा अंक तिच्या हाती लागला तर दोघांचं काही खरं नाही!) परवा त्यानं विचारलं, “काय मग, बग क्लोज केलास का?”

टेस्टर आहे मी. इतक्यात क्लोज करत नसते. पण स्टेटस बदललंय, ‘काम चालू आहे’.