चारचौघांतली चापट

आमच्या शेतकरी व कारागीर मंडळींत एक समजूत फार खोल गेलेली आहे. ती अशी कीं, चार माणसांत पोरानें गोंधळ घातला आणि बापानें त्याला तेथल्या तेथें दोन ठेवून दिल्या नाहींत, तर तो बाप कसला? घरीं तेंच पोर भांडीं बडवीत असतें, अंगणांत धुळींत लोळत असतें, तेव्हां त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाहीं. पण बाजारांत, एस्टींत, लग्नाच्या मांडवांत किंवा कचेरींत त्यानें भोकाड पसरलें कीं आईबापांचा हात आपोआप वर जातो. हा हात कोणासाठीं वर जातो, याचा आज थोडा विचार करूं.

मागें एकदां तालुक्याच्या गांवीं एका कचेरींत आम्ही रांगेंत उभे होतों. पुढें एक शेतकरी होता, त्याच्या कडेवर तीन वर्षांचा मुलगा. बिचारा सकाळच्या पहिल्या एस्टीनें आलेला. दुपारचे दोन वाजले तरी त्याचा कागद कांहीं पुढें सरकेना. पोर कंटाळलें, कडेवरून उतरलें आणि एक लोखंडी खुर्ची फरशीवर खरखर ओढूं लागलें. टेबलामागचे साहेब ओरडले, "पोर आवरतां येत नाहीं तर आणतां कशाला? हा काय तुमचा गोठा आहे?" बाप साहेबांना एक शब्द बोलला नाहीं. तो वळला आणि पोराच्या गालावर फाडकन् एक ठेवून दिली. पोर आधीं नुसतें बापाच्या तोंडाकडे पाहत राहिलें, मग रडलें. रांगेंतला एकजण म्हणाला, "आतां कसा गप्प बसेल!" आम्हीही तोंडाला कुलूप घालून उभे राहिलों, हें येथें कबूल केलें पाहिजे.

वाचकहो, गोठा हा शब्द झोंबला बापाला आणि वळ उठला पोराच्या गालावर. वड्याचें तेल वांग्यावर काढणें म्हणतात तें हेंच. ज्यानें अपमान केला त्याच्यापुढें हात बांधलेले. म्हणून ते मोकळे झाले तीन वर्षांच्या जिवावर. ती चापट साहेबांना दाखवण्यासाठीं होती: "पाहा, आम्ही गोठ्यांतलीं माणसें नाहीं, आम्हांलाही शिस्त कळते."

येथें कोणी म्हणेल, मास्तर, बोलणें सोपें आहे. मोठ्या घरच्या पोरानें खुर्ची ओढली तर लोक त्याला चुणचुणीत म्हणतात. आमच्या पोरानें ओढली तर त्याचा बाप, आजा, गांव आणि जात, सगळें निघतें. आम्ही मारूं नये तर काय शिव्या खाव्या? हा प्रश्न खरा आहे. आमच्या पोरांचा खोडकरपणा वेगळ्या तराजूंत तोलला जातो, हें आम्हीही डोळ्यांनीं पाहतों. पण तराजू खोटा असेल तर भांडावें तें वाण्याशीं. आपल्याच पोराला बडवून तो तराजू सरळ कसा व्हायचा?

आतां पोराचा गुन्हा काय तो पाहूं. पहांटे उठवलेलें, अर्धवट जेवलेलें, उन्हांत ताटकळलेलें तीन वर्षांचें मूल. त्या वेळीं मोठा माणूस असता तरी कुरकुरला असता. स्वतःला आवरणें हें मेंदूच्या पुढच्या भागाचें काम. तो भाग पुरता तयार व्हायला वयाचीं वीस-पंचवीस वर्षें लागतात, असें शास्त्र सांगतें. मग तीन वर्षांच्या पोरानें तीन तास पुतळ्यासारखें बसावें ही अपेक्षाच चुकीची. आणि हें ज्ञान आपल्या घरांत नाहीं असें थोडेंच आहे! खोंडाला पहिल्याच दिवशीं कोणी भरल्या गाडीला जुंपत नाहीं. आधीं मानेवर मोकळें जूं ठेवतात, शांत बैलाच्या जोडीला लावतात, थोडें चालवतात, थोपटतात. मार खाऊन बुजलेला बैल जन्मभर गाडीला दगा देतो, हें शेतकऱ्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. सुताराला विचारा, उलट्या रेषेनें रंधा मारला कीं लाकूड उचकटतें. बैलाला आणि लाकडाला जो धीर आपण देतों, तेवढा पोटच्या पोराला देतां येऊं नये काय?

मारानें वळण लागतें ही समजूत आतां तपासली गेलेली आहे. २०१६ सालीं एलिझाबेथ गर्शॉफ व अँड्र्यू ग्रोगन-केलर या दोघा अमेरिकन संशोधकांनीं पन्नास वर्षांतले ७५ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत सुमारे १ लाख ६० हजार मुलांची माहिती होती. चापट खाणारीं मुलें अधिक शहाणीं निघालीं असें कांहीं त्यांना आढळलें नाहीं. उलट मारामारी, हट्ट आणि आईबापांशीं दुरावा हींच मारासोबत जास्त दिसलीं. स्वीडन देशानें तर १९७९ सालींच घरांतसुद्धां मुलाला मारण्यास कायद्यानें बंदी केली. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शाळेंतली मारहाण आणि मानसिक छळ बंद केला.

छडीविषयीं बोलायचा अधिकार आम्हांला कितपत आहे, हेंही सांगतों. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें मागणी केली होती कीं, प्राथमिक शाळांना शेतकरी वर्गांतले, शिकून तयार झालेले शिक्षक द्यावे. ते मुलांत मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील. आम्ही तसलेच, औताच्या घरांतून आलेले मास्तर. ट्रेनिंग कॉलेजांत बालमनावर तास ऐकून आलों, आणि वर्गांत पाय ठेवतांच पहिल्याच आठवड्यांत हातीं छडी घेतली! आमचे डोळे उघडले ते एका मधल्या सुटींत. पोरें शाळा-शाळा खेळत होतीं. मास्तर झालेल्या पोरानें खडू शोधला नाहीं, पुस्तक शोधलें नाहीं. आधीं कुंपणाची एक काठी मोडून घेतली. आम्हीं काय शिकवलें, तें त्या दिवशीं आम्हांला कळलें.

तर मग पोरांना मोकाट सोडावें काय? मुळींच नाहीं. रडलें कीं जिलबी आणि किरकिरलें कीं हातांत मोबाईल, हीही पोर बिघडवण्याचीच रीत आहे. रडण्याला भाव मिळतो हें एकदां पोराला कळलें कीं तें रोज बाजार मांडणार! म्हणून सांगतों तें करून पाहा. निघण्याआधीं पोराला पोटभर खाऊं घाला. कोठें जायचें, काय घ्यायचें, काय घ्यायचें नाहीं, तें घरींच सांगा आणि त्या शब्दाला जागा. बाजारांत त्याच्या हातीं काम द्या. लिंबें मोजूं द्या, लहानशी पिशवी धरूं द्या. तरीही हट्टाला पेटलें तर उचलून गर्दीबाहेर झाडाखालीं न्या, जवळ बसा, रडणें ओसरूं द्या; पण "नाहीं" म्हटलें तें नाहींच ठेवा. कोणाची वस्तू सांडली, मोडली, तर त्याच्याच हातानें उचलायला लावा आणि तुम्हीही त्याच्यासोबत माफी मागा. आणि आसपासच्यांनीं तमाशा पाहूं नये. त्या आईची पिशवी धरावी, एस्टींत बसायला जागा द्यावी.

आणखी एक खोड सोडा. पोर गप्प बसावें म्हणून आम्ही त्याला म्हणतों, "पोलीस नेईल," "डॉक्टर सुई टोचील," "मास्तरला सांगतें." अशीं पोरें पहिल्या दिवशीं शाळेंत येतात तीं आम्हांला पाहून दाराला मिठी मारतात. शाळा, दवाखाना, चौकी, कचेरी या जागा आपल्या करांवर चालतात, आपल्यासाठीं आहेत. त्यांचीच भीति आपण पोराला घालतों, आणि वर तेथेंच चारचौघांत त्याच्या गालावर मारतों. अशा जागीं आपण लहान असतों, तोंड उघडलें कीं मार बसतो, हा धडा तें पोर पक्का करतें.

पुढें तीस वर्षांनीं तेंच पोर बाप होऊन त्याच कचेरींत उभें राहतें. साहेब गोठा म्हणतो. तें मुकाट्यानें ऐकून घेतें आणि वळून आपल्या पोराकडे पाहतें. त्या दिवशीं रांगेंतल्या एकानें जरी म्हटलें असतें, "साहेब, पोर दमलेलें आहे, त्याच्या बापाचें काम आधीं करा," तर तो हात वर गेला नसता. तें वाक्य आम्हांला त्या दिवशीं सुचलें नाहीं. पुढल्या वेळीं आम्ही तें बोलूं. तुम्हीही बोला.