सनद हाती आल्यानंतर

कबनूर आणि इचलकरंजी यांची शीव आता कागदोपत्रीच उरली आहे. एका गावात सुरू झालेला मागांचा आवाज दुसऱ्या गावातही तसाच कानी पडतो. सूत, कापड, सायझिंग, किराणा अशा व्यवसायांवर उभ्या असलेल्या येथील घरांतून एखादी मुलगी वा मुलगा कायद्याची पदवी घेऊन परततो, तेव्हा पेढे वाटून झाल्यावर घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात एक हिशेब आपोआप मांडला जातो. सकाळी कोर्ट, सायंकाळी दुकान; शिवाय थकलेल्या उधारीच्या वसुलीसाठी घरचाच वकील. हा हिशेब प्रेमापोटी मांडलेला असतो, परंतु तो कायद्याच्या कसोटीवर उतरत नाही. स्वतंत्र वकिलीची पहिली पायरी चढण्यापूर्वीच ही गोष्ट घरातील सर्वांनी समजून घेणे हिताचे आहे.

वकिली सुरू करण्यास लागणारी औपचारिकता फार मोठी नाही. १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानुसार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. नोंदणीसाठी राज्याराज्यांतून हजारो रुपये घेतले जात असत. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजीच्या निर्णयाने त्यास आळा घातला. कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांहून आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपयांहून अधिक नोंदणी शुल्क घेता येणार नाही, असे ठरले. ज्येष्ठ वकिलाकडे उमेदवारी केलीच पाहिजे, असेही बंधन नाही. एक वर्षाच्या सक्तीच्या प्रशिक्षणाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये रद्द केला. म्हणजे सनद मिळाली की दुसऱ्या दिवशी स्वतःच्या नावाची पाटी लावण्यास कायद्याची हरकत नाही. प्रश्न आहे तो पाटी लावल्यानंतरच्या दिवसांचा.

हे दिवस कोणासही चुकलेले नाहीत. मार्च १९२० मध्ये कबनूरच्याच हातकणंगले तालुक्यातील माणगाव येथे छत्रपती शाहू महाराजांच्या उपस्थितीत जी ऐतिहासिक परिषद झाली, तिचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. पुढे ते लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि १९२३ मध्ये त्यांनी मुंबईत वकिली आरंभिली. एवढी विद्वत्ता पदरी असूनही सनदेच्या शुल्कासाठी त्यांना नवल भथेना या पारशी स्नेह्याचे आर्थिक साहाय्य घ्यावे लागले. बॅरिस्टरास काम मिळावयाचे ते सॉलिसिटरांकडून. आणि अस्पृश्यतेच्या भिंतीमुळे त्यांच्याकडे काम घेऊन येणारा सॉलिसिटर विरळा होता. परळच्या दामोदर हॉलमधील लहानशा कार्यालयात बसून त्यांनी लहानमोठी मिळतील ती कामे केली आणि १९२५ पासून सुमारे तीन वर्षे बाटलीबॉय यांच्या लेखाशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवून संसारास हातभार लावला. नव्या वकिलास आरंभीच्या काळात अध्यापनाचा आधार घेता येतो, ही गोष्ट या उदाहरणावरून ध्यानी घेण्याजोगी आहे. ठरावीक मर्यादेत कायदा शिकवण्यास आजचे नियमही अनुमती देतात.

दुसरे उदाहरण मोहनदास गांधी यांचे. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या गांधींना मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिला खटला मिळाला तो तीस रुपये शुल्काचा. उलटतपासणीसाठी ते उभे राहिले, परंतु तोंडातून शब्द फुटला नाही. काम दुसऱ्याकडे सोपवून ते तेथून बाहेर पडले. पुढे राजकोटला अर्ज लिहून देण्याच्या कामावर त्यांचा निर्वाह चालला. १८९३ मध्ये दादा अब्दुल्ला यांच्या दाव्यासाठी ते दक्षिण आफ्रिकेस गेले, तेव्हा तो सर्व दावा हिशेबाच्या वह्यांवर उभा असल्याचे त्यांना आढळले. ‘पी. नोट’ म्हणजे वचनचिठ्ठी, हेसुद्धा त्यांना दुसऱ्याला विचारून घ्यावे लागले. मग नामे-जमा शिकवणारे पुस्तक आणून त्यांनी हिशेबाचे शास्त्र आत्मसात केले. वादी-प्रतिवादी एकाच गावचे आणि एकमेकांचे नातलग होते. दावा लांबला तर दोन्ही घरे धुळीस मिळतील, हे ओळखून त्यांनी लवाद नेमण्यास उभयतांना राजी केले; आणि निकाल आपल्या अशिलाच्या बाजूने लागल्यावर हरलेल्याचे दिवाळे निघू नये म्हणून रक्कम हप्त्यांनी घेण्यासही अशिलाचे मन वळवले.

व्यापारी घरातील नव्या वकिलाने या प्रसंगाचा अर्थ नीट पाहावा. गांधींना जे वयाच्या चोविसाव्या वर्षी पुस्तकातून शिकावे लागले, ते या घरांतील मुलांच्या कानांवर लहानपणापासून पडलेले असते. किर्द आणि खतावणी, हुंडी आणि धनादेश, अडत आणि दलाली, सुताच्या भावातील चढउतार, खर्चीवाल्या यंत्रमागधारकाची मजुरी कशी ठरते, कापड परत आले तर तोटा कोणाच्या माथी बसतो, हे ज्यास सांगावे लागत नाही, असा वकील इचलकरंजीच्या पेठेस हवाच आहे. हेच त्याचे खरे भांडवल होय.

या भांडवलास मुदतीच्या ज्ञानाची जोड मात्र द्यावी लागते. न वटलेल्या धनादेशाचे प्रकरण घ्या. बँकेकडून सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे. ती मिळाल्यावर देणेकऱ्यास १५ दिवसांची संधी असते आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार दाखल व्हावयास हवी. तक्रारीस झालेला विलंब सबळ कारण असल्यास न्यायालय माफ करू शकते. नोटिशीच्या ३० दिवसांना ती सवलत नाही. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा सर्वसाधारणपणे तीन वर्षांत करावा लागतो. मात्र मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सहीनिशी बाकी मान्य केली, तर मुदत पुन्हा नव्याने मोजली जाते. सूक्ष्म व लघु उत्पादकाचे देणे करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाही. लांबल्यास बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. मोठ्या कार्यालयात या तारखांवर चार डोळे असतात. एकट्या वकिलाकडे त्याची स्वतःची दैनंदिनी तेवढी असते. म्हणून प्रत्येक प्रकरणाची अंतिम तारीख कागद हाती येताच दोन ठिकाणी लिहून ठेवण्याची सवय पहिल्याच आठवड्यात लावून घ्यावी.

आता घरच्या हिशेबाकडे वळू. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलास स्वतः कोणताही व्यापार करता येत नाही आणि वकिली चालू असताना पगारी पूर्णवेळ नोकरीही करता येत नाही. वारसाने आलेल्या कौटुंबिक व्यवसायातील हिस्सा त्यास ठेवता येतो, परंतु त्या व्यवसायाच्या कारभारात प्रत्यक्ष भाग घेता येत नाही. राज्य बार कौन्सिलच्या मते व्यवसायाचे स्वरूप वकिलीच्या प्रतिष्ठेस बाध आणणारे नसेल, तर निष्क्रिय भागीदार होता येते. कंपनीचे संचालकपदही चालते, मात्र कार्यकारी जबाबदारी नको. तेव्हा सायंकाळी गल्ल्यावर बसणारा वकील ही कल्पना घराने मनातून काढून टाकावी. सनद घेण्यापूर्वीच भागीदारीपत्रातील नाव, बँकेतील सहीचा अधिकार आणि जीएसटी नोंदणी यांची तपासणी करून आवश्यक ते बदल करून घ्यावेत. हे राहून गेले तर एखाद्या दुखावलेल्या प्रतिपक्षाच्या साध्या तक्रारीवरून शिस्तभंगाची कारवाई उभी राहू शकते आणि पाच वर्षांच्या शिक्षणाचे फळ धोक्यात येते.

शुल्काचाही असाच विवेक आहे. पेठेत दलाली टक्क्यांवर ठरते. वकिलाचे शुल्क तसे ठरवता येत नाही. ‘वसूल होईल त्यातील दहा टक्के घ्या’ असे एखादा स्नेही व्यापारी मोकळ्या मनाने म्हणेल, परंतु निकालावर अवलंबून असलेले शुल्क आणि वसुलीतील वाटा हे दोन्ही नियमांस मान्य नाहीत. अशिलास दाव्यासाठी उसने पैसे देण्यासही मनाई आहे. अशिलाकडून आलेल्या रकमेचा हिशेब ठेवावा लागतो आणि शुल्क कोणते, खर्च कोणता, हे त्यात वेगळे दिसावे लागते. यासाठी निराळे बँक खाते उघडलेले बरे. पाटी बेताच्या आकाराची असावी. जाहिरातीस बंदी आहे. अभिनंदनाचे मोठे फलक चौकात लावून त्यांवर कार्यालयाचा पत्ता आणि कामांची यादी छापण्याचा मोह नातलगांनी आवरावा. व्यापाऱ्यांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी: वैयक्तिक वकिलाने व्यापारी पेढीस दिलेल्या कायदेविषयक सेवेवरील जीएसटी, नोंदणीच्या मर्यादेपेक्षा अधिक उलाढाल असलेल्या पेढीने स्वतःच रिव्हर्स चार्जने भरावयाचा असतो.

सर्वांत नाजूक बाब आहे ती नात्यागोत्याची. लहान गावात नव्या वकिलाकडे येणारे पहिले प्रकरण बहुधा ओळखीतलेच असते. काकांचे आणि चुलतभावाचे गोदामावरून पटत नाही, आत्याच्या घरी वाटणीचा वाद आहे, दोन्ही पक्ष एकाच पंगतीत जेवणारे. दोघेही विश्वासाने बोलून जातात. नियम असा, की एका पक्षास सल्ला दिला वा त्याचे कागद तयार केले, तर त्याच वादात दुसऱ्याचे काम घेता येत नाही. आणि पक्षकारांशी असलेला संबंध आधीच उघड करावा लागतो. ‘काका, मी तुमचे ऐकून घेईन, पण वकील म्हणून नाही, कागद मात्र माझ्याजवळ ठेवू नका’ असे म्हणण्याचे धैर्य पहिल्याच वर्षी दाखवावे लागते. वडीलधाऱ्यांनी त्याचा राग धरू नये. असे प्रकरण परक्या वकिलाकडे वा मध्यस्थाकडे पाठवल्याने घरही टिकते आणि वकिलाचे नावही राहते.

एकटी वकिली म्हणजे एकाकी वकिली नव्हे. पहिली दोनतीन वर्षे आठवड्यातील काही दिवस एखाद्या अनुभवी वकिलासोबत न्यायालयात उभे राहावे, इतर दिवशी स्वतःची कामे पाहावीत, हा मध्यममार्ग बहुतेकांस मानवतो. पुढे न्यायाधीश होण्याची इच्छा असेल, तर मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानुसार कनिष्ठ न्यायिक सेवेच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू झाली आहे. ती वर्षे तात्पुरत्या नोंदणीपासून मोजली जातात, पण अनुभवाचे प्रमाणपत्र लागते आणि ते दहा वर्षे सनद असलेल्या वकिलाकडून घेता येते. ज्येष्ठांचा सहवास अशा वेळीही उपयोगी पडतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्याने कोल्हापूरसह सहा जिल्ह्यांतील प्रकरणांसाठी मुंबईची वारी टळली आहे. कबनूरच्या वकिलास सकाळी निघून उच्च न्यायालयातील युक्तिवाद ऐकून सायंकाळी घरी परतता येते.

गावाजवळची वकिली ही दुय्यम, असा समजही सोडावा. कुरुंदवाडात जन्मलेले आणि दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या संस्थापकांपैकी असलेले अण्णासाहेब लठ्ठे यांनी कोल्हापूर सोडल्यावर बेळगावात वकिली केली. पुढे ते कोल्हापूर संस्थानचे दिवाण आणि १९३७ च्या मंत्रिमंडळात मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले.

घराने नव्या वकिलास तीन गोष्टी द्याव्यात: कार्यालयाचे भाडे आणि पुस्तके निघतील एवढी दोन-तीन वर्षांची निश्चित रक्कम, दुकानाच्या कामातून संपूर्ण मोकळीक, आणि ‘या महिन्यात किती मिळाले?’ या प्रश्नापासून सुटका. नवे दुकान घातल्यावर पहिल्या वर्षी नफा मागू नये, हे व्यापारी घरास निराळे शिकवावे लागत नाही. तोच धीर मुलीच्या वा मुलाच्या वकिलीच्या बाबतीतही धरावा.