कृत्रिम बुद्धिमत्ता आणि वॉर्डातील शहाणपण

गेल्या वर्षी वडोदऱ्यातील एका खाजगी रुग्णालयाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी दोन दिवसांचे हॅकेथॉन भरविले. वयाचा मान म्हणून असेल, परीक्षकांच्या तीन खुर्च्यांपैकी एक माझ्या वाट्याला आली. त्या खुर्चीत बसून मी एका चांगल्या कामाला कमी गुण दिले आणि आपण चुकलो हे समजायला मला पुढे काही महिने लागले. स्मरणिकेसाठी लेखाची मागणी आली तेव्हा हाच विषय घ्यावा असे ठरविले. कारण आपल्या अनेक सभासदांच्या रुग्णालयांतून असे उपक्रम आता होऊ लागले आहेत.

हॅकेथॉन हा शब्द संगणकवाल्यांचा. जून १९९९ मध्ये कॅनडातील कॅलगरी येथे ओपनबीएसडी या प्रणालीवर काम करणारे दहा जण एकत्र जमले, तेव्हापासून तो रूढ झाला. आपल्याकडे २०१७ साली केंद्र सरकारने स्मार्ट इंडिया हॅकेथॉन सुरू केले आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुलांच्या तोंडी तो बसला. ठरावीक मुदत, लहान गट, एक अडचण आणि शेवटी तिच्यावरील उपायाचा चालता नमुना, एवढाच त्याचा आराखडा. कार्यालये व रुग्णालये यांनी तो उचलला तो कर्मचाऱ्यांनी नवे काही सुचवावे म्हणून. पण त्यात एक अडसर होता. ज्याला संगणकाची आज्ञावली लिहिता येत नाही, त्याने अशा ठिकाणी फार तर चहाची व्यवस्था पाहावी. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत हा अडसर बराचसा दूर झाला. आज साध्या गुजरातीत किंवा मराठीत, काय हवे ते नीट सांगितले, तर यंत्र आज्ञावली लिहून देते. आमच्या हॅकेथॉनमध्ये प्रत्येक गटाला हे साधन दिलेले होते.

पहिले पारितोषिक आम्ही संगणक विभागातील चार तरुणांना दिले. कोणती खाट केव्हा रिकामी होईल याचे भाकीत करणारा तक्ता त्यांनी केला होता. मोठ्या पडद्यावर रंगीत चौकोन, प्रत्येक खाटेपुढे अपेक्षित वेळ. पाहताना मन प्रसन्न झाले. रुग्णाचा ताप, रक्तदाब, तपासण्यांचे अहवाल यांवरून यंत्र अनुमान काढीत होते. तो तक्ता पुढे तीन महिन्यांत बंद पडला. कारण वॉर्डातील कोणत्याही कारकुनाने सांगितले असते. डॉक्टरांनी सकाळी नऊला घरी जाण्यास परवानगी दिली, तरी खाट रिकामी होते ती मेडिक्लेमची मंजुरी येऊन शेवटचे बिल निघाल्यावर. कधी दुपारी दोनला, कधी रात्री आठला. गटात वॉर्डातले कोणीच नव्हते, आणि परीक्षकांपैकी कोणालाही हा प्रश्न सुचला नाही. पस्तीस वर्षे याच व्यवसायात काढून मला तो सुचू नये, याचे आजही नवल वाटते.

दुसरा गट मेडिसिन वॉर्डातील एका सिस्टरांचा होता. त्यांच्याबरोबर एक फार्मासिस्ट आणि एक आयाबाई. सिस्टर रात्रपाळी करून थेट सभागृहात आल्या होत्या; हॅकेथॉनचे दोन दिवस ड्युटीत धरले जाणार नव्हते. त्यांची अडचण साधी होती. घरी जाताना रुग्णाला जो कागद मिळतो तो इंग्रजीत. सिस्टर तो गुजरातीत समजावून सांगतात, नातेवाईक मान डोलावतात, आणि छोटा उदेपूरकडच्या गावी पोहोचेपर्यंत निम्मे विसरले जाते. आठ दिवसांनी रुग्ण येतो तो कोणती गोळी बंद करायची होती आणि कोणती चालू ठेवायची होती यांची अदलाबदल करून. यावर त्यांनी यंत्राकडून एक पत्रक करून घेतले: सकाळला उगवता सूर्य, रात्रीला चंद्र, गोळीचे चित्र, आणि रुग्णाच्या मुलाच्या मोबाइलवर पाठविता येईल असा बोलका निरोप.

सादरीकरणात सिस्टरांनी आपणहून सांगितले, ‘साहेब, यात एक मोठी चूक निघाली.’ त्यांनी आठ काल्पनिक रुग्णांची औषधे यंत्राला दिली होती. त्यांतील एकीला संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट होते, आठवड्यातून एकदा, रविवारी. यंत्राने त्यापुढे सूर्य काढला आणि स्वच्छ गुजरातीत म्हटले, ‘रोज सवारे एक गोळी.’ ही चूक काय आहे हे या स्मरणिकेच्या डॉक्टर वाचकांना सांगावयास नको. इतरांसाठी एवढेच की हे औषध आठवड्याऐवजी रोज घेतले तर तोंड सोलवटते, रक्तपेशी तयार होणे थांबते आणि रुग्ण दगावू शकतो. सिस्टरांना ती चूक ऐकताक्षणी कळली, कारण रविवारची गोळी त्या स्वतः रुग्णांच्या हातावर ठेवीत आल्या आहेत.

मी माझ्या गुणपत्रिकेत ‘धोकादायक’ असा शेरा लिहिला आणि त्यांना चौथ्या क्रमांकावर टाकले.

आता विचार करता वाटते की त्या दोन दिवसांत झालेले सर्वांत मोलाचे काम ती चूक सापडणे हेच होते. चुका प्रत्येक गटाच्या कामात असणारच होत्या. बाकीच्यांनी आपले यंत्र सोप्या उदाहरणांवर चालवून दाखविले. सिस्टरांनी ते अडेल अशा उदाहरणावर चालवून पाहिले. आणि आम्ही परीक्षकांनी शिक्षा दिली ती नेमकी प्रामाणिकपणाला. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे चालता नमुना करणे इतके स्वस्त झाले आहे की तो दिसायला सुबक आहे याला आता फारसे महत्त्व उरलेले नाही. सुबक तर सगळेच असतात. कस लागतो तो अडचण खरी आहे का, आणि यंत्र कुठे फसते हे कोणाला ओळखता येते, येथे. या दोन्ही गोष्टी वॉर्डात असतात.

हे केवळ आमच्याकडचे आहे असे नाही. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर होणारे दुष्परिणाम ओळखणारी गूगलची प्रणाली प्रयोगशाळेत उत्तम ठरली होती. थायलंडमधील अकरा दवाखान्यांत ती लावली, त्याचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. तेथे परिचारिकांनी काढलेल्या छायाचित्रांपैकी सुमारे २१ टक्के छायाचित्रे यंत्राने परत केली, कारण ती पुरेशी स्पष्ट नव्हती. अनेक दवाखान्यांत खोली पुरती अंधारी करता येत नव्हती. इंटरनेट मंद होते. छायाचित्र नाकारले गेलेल्या रुग्णाला दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या गावी, काम बुडवून तज्ज्ञाकडे जाण्यास सांगावे लागे. खोलीत अंधार होत नाही हे तेथील परिचारिकांना पहिल्यापासून ठाऊक होते.

उलट बाजूचे उदाहरण आपल्या मराठी मुलखातले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यापुढे बालकांच्या न्यूमोनियाचा प्रश्न होता. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक झाला तर धोका. पण गावातील दाईला साठपर्यंत मोजता येत नव्हते. तेव्हा वाळूचे एक मिनिटाचे घड्याळ आणि मणी असे साधन तयार झाले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली की औषध सुरू करायचे. दाईला मोजणी शिकविण्याचा हट्ट धरण्याऐवजी तिला जेवढे मोजता येते त्यावर साधन बेतले. यात कोणतीही बुद्धिमत्ता कृत्रिम नव्हती.

आणि वडोदऱ्यात राहून कलाभवनाची आठवण न काढणे बरे नव्हे. १८९० साली सयाजीराव महाराजांनी ते स्थापिले, तेव्हा पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह होता की कारागिराला यंत्रविद्या त्याच्याच भाषेतून मिळावी. सव्वाशेहून अधिक वर्षांनी यंत्रालाच आपली भाषा समजू लागली आहे. इंग्रजी न येणारी आयाबाई आता आपली अडचण यंत्राला तोंडी सांगू शकते. अशा वेळी तिला सभागृहाबाहेर ठेवून संगणक विभागालाच आत बसविणे हा करंटेपणा आहे.

म्हणून पुढील हॅकेथॉन कसे असावे याविषयी माझी मते बरीच बदलली आहेत. अडचणी महिनाभर आधी वॉर्डातून, ओपीडीतून, औषधांच्या खिडकीवरून गोळा कराव्यात, त्याही बोलून, मातृभाषेत. त्या उतरवून घ्यायला व सारख्या सारख्या एकत्र लावायला कृत्रिम बुद्धिमत्ता खुशाल वापरावी. निवड मात्र तिच्यावर सोपवू नये. जे पुष्कळांनी सांगितले ते ती वर आणते, आणि रविवारची गोळी ही एकाच सिस्टरने, एकदाच सांगितलेली गोष्ट तळाशी जाते. प्रत्यक्ष रुग्णाजवळ काम करणारी व्यक्ती ज्या गटात नाही तो गट घेऊच नये. ते दोन दिवस ड्युटीत धरावेत. रात्रपाळी करून आलेल्या माणसाकडून नवे विचार मागणे हे मला आता अशिष्ट वाटते. सापडलेल्या चुकांना गुण असावेत, आणि निम्मे पारितोषिक तीन महिन्यांनंतर, ती वस्तू वापरात आहे का हे पाहून द्यावे.

एक पथ्य मात्र काटेकोर हवे. खऱ्या रुग्णांचे केसपेपर उत्साहाच्या भरात यंत्राला देऊ नयेत. २०२३ चा व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदा आहे, त्याच वर्षीची आयसीएमआरची या विषयावरील नैतिक मार्गदर्शक तत्त्वे आहेत. पण कायदा नसता तरी रुग्णाने आपल्याला विश्वासाने सांगितलेले ते आहे. काल्पनिक रुग्णांवर काम भागते हे सिस्टरांनी दाखविलेच.

आणि नाव. जयपूर फूट म्हटले की डॉ. प्रमोद करण सेठी आठवतात, १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार आठवतो, आणि तो योग्यच आहे. परंतु तो पाय आपल्या हातांनी घडविणारे कारागीर मास्टर रामचंद्र शर्मा आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत? ज्याची कल्पना, त्याचे नाव कागदावर आधी लिहावे.

माझे एक सर्जन मित्र म्हणतात, ‘हे सगळे मोठ्या रुग्णालयांचे चोचले. आमच्या पंधरा खाटांच्या नर्सिंग होममध्ये कसले हॅकेथॉन?’ मला नेमके उलटे वाटते. लहान नर्सिंग होममध्ये सिस्टर, कंपाउंडर, रिसेप्शनवरील मुलगी आणि डॉक्टर रोज एकमेकांशी बोलतात. रविवारची एक दुपार, एक संगणक आणि चार माणसे पुरेत. परवानगीसाठी कोणत्या समितीकडे जावे लागत नाही.

सिस्टरांचे पत्रक आज त्या वॉर्डात वापरात आहे, जरा बदललेल्या रूपात. बोलका निरोप त्यांनी स्वतःच काढून टाकला. यंत्र केवळ कच्चा मसुदा करते. वाक्ये फार्मासिस्टने आधी तपासलेल्या ठरावीक वाक्यांतूनच निवडावी लागतात, आणि ‘आठवड्यातून एकदा’ यासाठी सात चौकोनांची ओळ आहे, त्यांतील एकच लाल. खाली वाचून दाखविणाऱ्याची सही.

येत्या हिवाळ्यात आपल्या मंडळातर्फे अर्ध्या दिवसाचे असे एक हॅकेथॉन घ्यावे असा प्रस्ताव मी कार्यकारिणीला दिला आहे. परीक्षक म्हणून त्याच सिस्टरांना विनंती केली. त्यांनी होकार देण्यापूर्वी एवढेच विचारले, ‘साहेब, त्या दिवशी माझी ड्युटी कोण बघणार?’ त्याची तजवीज करून मगच निमंत्रणपत्रिका छापावयास द्यावी, असे मी चिटणीसांना कळविले आहे.