वायउरूला निघालेल्या पोराची तयारी



व्हिसा, घरांचे हप्ते आणि भारतात जायची स्वस्त तिकिटं हे आपले नेहमीचे विषय या वेळी बाजूला ठेवतो. ओळखीच्या एका मराठी घरातला साडेसतरा वर्षांचा मुलगा न्यूझीलंड आर्मीत भरती होतोय. त्याचे आईवडील माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. पहाटे त्याच्याबरोबर पळायला दुसरं कोणी मिळेना, म्हणून हे काम या 'काका'कडे आलं. गेल्या चार महिन्यांत त्या घरात जे बोलणं झालं, जी तयारी झाली, ती इथे मांडतो. आपली मुलं इथेच वाढताहेत, तेव्हा हा प्रश्न आज ना उद्या आणखी घरांत येणार आहे.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. 'बूट कॅम्प' म्हटलं की इथल्या बातम्यांमुळे लोकांना वाया गेलेली मुलं आठवतात. २०२४च्या जुलैत पामर्स्टन नॉर्थला गंभीर गुन्ह्यांत सापडलेल्या किशोरवयीन मुलांसाठी सरकारने लष्करी धर्तीचा प्रयोग सुरू केला, त्यालाच सगळे बूट कॅम्प म्हणू लागले. आपण बोलतोय ते सैन्याच्या प्राथमिक प्रशिक्षणाबद्दल. आर्मीचं वायउरूला, नेव्हीचं ऑकलंडला डेव्हनपोर्टमध्ये आणि एअर फोर्सचं ब्लेनहाइमजवळ वुडबोर्नला. इथे येणारा प्रत्येक जण स्वतःहून येतो, कारण सक्तीचं लष्करी प्रशिक्षण या देशाने १९७२ साली बंद केलं. पहिल्या दिवसापासून पगारही मिळतो. सांगलीला आजीला फोनवर हे नीट सांगा, नाहीतर ती समजेल की पोरगं सुधारगृहात गेलं.

आता मुद्द्याचं. सतरा पूर्ण झाल्यावर भरती होता येतं, पण अठराच्या आत असेल तर पालकांची लेखी संमती लागते. आपल्या घरांत खरी अडचण या सहीपाशी येते. या घरातही आई तीन आठवडे कागदाला हात लावत नव्हती. ती म्हणायची, "आपण इथे आलो ते ह्याला शिकवायला की बंदूक धरायला?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला गुळगुळीत उत्तर देऊ नये. अठराच्या आतल्या सैनिकाला लढाईवर पाठवत नाहीत हे खरं, पण अठरावा वाढदिवस येतोच. अफगाणिस्तानात या छोट्या देशाचे १० सैनिक गेले. दुसऱ्या बाजूला, २०११च्या क्राइस्टचर्च भूकंपात आणि २०२३च्या गॅब्रिएल वादळात लोकांच्या मदतीला उतरलं तेही हेच सैन्य. दोन्ही गोष्टी टेबलावर ठेवून मुलाशी बोला. सही करायची तर मोकळ्या मनाने करा, नसेल करायची तर अठरापर्यंत थांब असं स्पष्ट सांगा. तोंड पाडून केलेली सही सगळ्यांत वाईट. पोरगं ते ओझं पाठीवरच्या सॅकपेक्षा जड घेऊन जातं.

एक प्रश्न आजोबांनी विचारला: "शपथ कुणाची घेणार?" शपथ राजाशी एकनिष्ठ राहण्याची, म्हणजे आज चार्ल्स तिसरे यांच्याशी. आजोबांना ते रुचलं नाही. त्यांना मी एवढंच सांगितलं की ९ एप्रिल १९४५ला इटलीत सेनिओ नदीवरच्या हल्ल्यात न्यूझीलंडची डिव्हिजन आणि आपली आठवी इंडियन डिव्हिजन शेजारी-शेजारी होत्या. त्याच दिवशी, त्याच नदीवर, नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना उचलून आणलं आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. ते मराठा लाइट इन्फंट्रीचे, आणि तेव्हा शपथ इंग्रजांच्या राजाचीच होती. फरक इतकाच की त्यांच्या देशाला स्वतःचा निर्णय नव्हता. हा मुलगा या देशाचा नागरिक आहे आणि स्वतः ठरवून जातोय. आजोबा पटलं असं म्हणाले नाहीत, पण पुढच्या रविवारी बुटांना पॉलिश कसं करतात ते त्यांनीच नातवाला शिकवलं.

एक कागदी बाब, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला ओसीआय मिळत नाही, असा भारत सरकारचा नियम आहे. मुलाकडे आधीपासून कार्ड असेल तर त्याचं पुढे काय, हे भरतीआधी वेलिंग्टनच्या भारतीय उच्चायुक्तालयाला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. पुढे मामाच्या लग्नाला जाताना व्हिसा काढावा लागणार असेल, तर ते मुलाला आज माहीत असावं.

आता तयारी. प्रोजेक्ट लाइव्ह जायच्या आदल्या रात्री टेस्टिंग सुरू केलं की काय होतं, हे आपल्यातल्या अर्ध्या लोकांना सांगायला नको. तेव्हा निदान तीन महिने हातात ठेवा.

१) पळणं. चाचणीत २.४ किलोमीटर धाव, प्रेस-अप आणि कर्ल-अप असतात. आठवड्यातून तीन दिवस पळा, हळूहळू वाढवा. एकदम जोर केला की नडगी दुखायला लागते आणि दोन आठवडे वाया जातात. वीकेंडला पाठीवर सॅक घेऊन चाला. आम्ही उन्हाळ्यात टोंगारिरो क्रॉसिंग केलं, साधारण २० किलोमीटर. खालच्या उतारावर काकांचे गुडघे बोलू लागले, पुतण्याचे नाहीत.

२) थंडी. वायउरू समुद्रसपाटीपासून जवळजवळ ८०० मीटरवर, रुआपेहूच्या पायथ्याशी. तिथलं रेल्वे स्टेशन देशातलं सगळ्यांत उंचावरचं. वारा हाडांत शिरतो. ऑकलंडच्या पोराला ओल्या कपड्यांत, पावसात दोन तास चालायची सवय करा.

३) घरकाम. आपल्या घरांत हा सगळ्यांत कच्चा विषय. पोरगं कॅल्क्युलस सोडवतं, पण शर्टाला इस्त्री आई करते. अंथरूण ताणून घालणं, स्वतःचे कपडे धुणं, इस्त्री, बटण टाकणं, गजर एकदा वाजला की उठणं. आईने तीन महिने हात आवरायचा. हे तिला त्याच्या पळण्यापेक्षा अवघड गेलं.

४) जेवण. शाकाहारी असेल, बीफ खात नसेल, तर अर्जाच्या वेळीच सांगावं. मात्र काय खायचं, काय नाही हे मुलाने स्वतः ठरवलेलं हवं. आईच्या धाकाने पाळलेला नियम चिखलात भिजून दमलेल्या पोटी टिकत नाही. आणि पंधरा मिनिटांत ताट रिकामं करायची सवय लावा.

५) खरं सांगणं. मेडिकलला दमा, जुनं फ्रॅक्चर, औषधं, मनाचा काही त्रास, काहीच लपवू नका. "नाही सांगितलं तर कोणाला कळतंय" हा सल्ला देणारे काका-मामा प्रत्येक घरात असतात. वायउरूच्या डोंगरात दम्याचा झटका आला तर ते मदतीला येणार नाहीत.

मनाची तयारी याहून अवघड. आपली मुलं शाबासकीवर वाढलेली असतात. तिथे इन्स्ट्रक्टर ओरडणार, एकाची चूक अख्ख्या तुकडीला भोवणार, आडनावाचा उच्चार रोज नवा होणार. ओरडणं हा अपमान नाही, प्रशिक्षणाचा भाग आहे, हे आधी बोलून ठेवा. पण कठोरपणा आणि छळ यांतली रेघही दाखवून द्या. रंगावरून, धर्मावरून कोणी त्रास दिला, अंगाला हात लावला, तर गप्प बसायचं नाही. २०१६पासून 'ऑपरेशन रिस्पेक्ट' नावाने सैन्यानेच अशा वागण्याविरुद्ध मोहीम हाती घेतली आहे. तिथले चॅप्लन म्हणजे पाद्री असले तरी कोणत्याही धर्माच्या मुलाशी बोलतात. तक्रार केली म्हणजे आपण कच्चे, असं त्याला वाटता कामा नये.

सुरुवातीला फोन हातात नसतो किंवा ठरावीक वेळेपुरताच मिळतो. आपल्याला रोज "जेवलास का?" विचारायची सवय. तेव्हा आधीच ठरवा: बातमी नाही म्हणजे सगळं बरं आहे. आणि पत्र लिहा. "तुझ्याशिवाय घर खायला उठतं, मला झोप नाही" असं लिहू नका, त्याला तिथून काही करता येत नाही. बागेत लिंबू आलं, शेजाऱ्याचं मांजर पुन्हा आपल्या छपरावर बसलं, भारत मॅच हरला, असं लिहा. आमच्या या मुलाला मराठी वाचता येतं, पण अडखळत. आजीने मोठ्या अक्षरांत चार-चार ओळींची पोस्टकार्डं लिहून द्यायचं कबूल केलंय. तिच्या मनालाही तेवढाच विरंगुळा.

शेवटची गोष्ट, जिच्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. काही जणांचा पाय मुरगळतो आणि त्यांना मागच्या तुकडीबरोबर पुन्हा सुरुवात करावी लागते. काही जण परत येतात. मधेच सोडायचं झालं तर नियम काय, हे भरतीच्या ऑफिसात आधी विचारून घ्या. मुलाला एकदाच, शांतपणे सांगा: परत आलास तरी खोली तुझीच आहे, आणि मंडळाच्या गणपतीत कोणी तुला टोचून बोललं तर त्याचं आम्ही बघू. एकदाच सांगा. रोज सांगितलं की त्याचा अर्थ "तुला जमणार नाही" असा होतो.

मंडळाच्या गणपतीचं आपल्या सगळ्यांनाच लागू आहे, बरं का. कोणाचं पोर परत आलं तर "काय झालं?" विचारण्याआधी मोदक पुढे करा.

कोर्स पुरा झाला की मार्च-आउट परेड असते, घरच्यांना बोलावतात. आर्मीचं माओरी नाव नगाती तूमातौएंगा, म्हणजे युद्धदेवाची जमात. वायउरूच्या तळावर त्यांचं स्वतःचं मराए आहे. त्या परेडला जायचं तर ओहाकुनी किंवा ताइहापेला खोली लवकर बुक करा आणि आजीसाठी दोन शाली जास्त घ्या. वेळ उरला तर तिथलं नॅशनल आर्मी म्युझियमही बघा.

मुलगा पुढच्या महिन्यात निघतोय. सही आईनेच केली, वडिलांनी नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऑकलंडकर

ता. क. कोणाच्या घरचं मूल नेव्हीत किंवा एअर फोर्समध्ये असेल तर तिथला अनुभव जरूर लिहा. मला माहिती आहे ती आर्मीपुरतीच.