'पुरे' म्हणण्याचे अर्थशास्त्र

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी सांगलीच्या बाजारपेठेतून हिंडावे, म्हणजे उद्या उपास आहे की मेजवानी, असा प्रश्न कोणालाही पडावा. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटे, रताळी, राजगिऱ्याचे लाडू, तूप यांनी पिशव्या भरलेल्या असतात. ज्ञानोबांची पालखी तोवर नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असा सातारा जिल्हा पायी तुडवून केव्हाच पुढे गेलेली असते. आणि आपण मास्तर, कारकून, प्राध्यापक मंडळी खुर्चीत बसल्या बसल्या तिच्या पुण्याचा वाटा खिचडीच्या रूपाने उचलत असतो. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण समाजाने स्वतःवरच केलेला विनोद आहे. परंतु विनोदाने अपराध पुसला जात नाही.

वस्तुतः या फराळाला शास्त्राचा आधार शोधणे व्यर्थ आहे. ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तो कसावा, तसेच शेंगदाणा, बटाटा व रताळे ही मूळची अमेरिका खंडातील पिके. युरोपीय दर्यावर्दींच्या मागोमाग ती इकडे आली. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल. 'उपवास' या शब्दाचा मूळ अर्थ जवळ राहणे. आपण देवाच्या जवळ राहण्याऐवजी कढईच्या जवळ राहू लागलो, एवढेच.

प्रस्तुत लेखक हे उपदेशकाच्या उच्चासनावरून लिहीत नाही. गेल्या वर्षी रक्तातील साखरेचा आकडा पाहून डॉक्टरांनी त्याला चांगलेच फटकारले. दरवर्षी वर्गात घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम शिकवताना तो भाकरीचेच उदाहरण देतो : पहिली भाकरी अमृत, दुसरी समाधान, तिसरी सवय आणि चौथीची उपयोगिता शून्य. विद्यार्थी हे मुकाट्याने लिहून घेतात. आणि नियम सांगणारा गुरुजी घरी येऊन पाचवी भाकरी खातो! शास्त्राचे हे अपयश कशामुळे?

उत्तर शोधताना आई आठवली. १९७२ च्या दुष्काळात ती माण तालुक्यात खडी फोडण्याच्या कामावर होती. परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी तिने खाल्ली आहे. त्यामुळे ताटात कण राहता कामा नये, हा आमच्या घरचा पहिला संस्कार. दुष्काळ सरला, भूक सरली; भुकेचे भय मात्र सरले नाही. आम्ही पोटासाठी नव्हे, त्या भयासाठी जेवत राहिलो. 'अन्न हे पूर्णब्रह्म' याचा अर्थ उरलेले सारे आपल्याच पोटात ढकलावे, असा आम्ही करून घेतला. मुळात कमी वाढून घ्यावे, हाही त्याचा अर्थ होऊ शकतो, हे सुचलेच नाही.

हा प्रश्न एका घरापुरता नाही. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील प्रौढ स्त्रियांत सुमारे २४ टक्के स्थूल वा अतिवजनाच्या, तर सुमारे १९ टक्के प्रमाणापेक्षा कृश आहेत. एकाच गावात एकीच्या ताटात अधिक आणि दुसरीच्या ताटात उणे, असे हे चित्र आहे.

यावर आपल्याच मातीत एक विचार झालेला आहे. १९१७ साली बावीस वर्षांचे विनोबा भावे गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन वाईला आले आणि प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी त्यांनी उपनिषदांचे व ब्रह्मसूत्रांचे अध्ययन केले. त्या आश्रमाच्या व्रतांत अस्वाद हेही एक व्रत होते. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी त्याचे मर्म सांगितले : औषध जसे चवीसाठी नव्हे तर प्रमाणात घ्यायचे, तसेच अन्न. येथे शरीराचा छळ अभिप्रेत नाही. अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही, हे गीतेच्या सहाव्या अध्यायात स्पष्टच आहे. पाश्चात्त्यांनाही ही गरज भासली. १९६० साली लॉस एंजेलिसमध्ये 'ओव्हरईटर्स ॲनॉनिमस' ही संघटना निघाली, तिचा पाया आपली अगतिकता मान्य करणे आणि समदुःखितांची संगत हाच आहे. आपल्याकडे याला सत्संग म्हणतात.

अर्थात येथे दोन इशारे अवश्य दिले पाहिजेत. लठ्ठपणा हे पाप नव्हे. आनुवंशिकता, बैठे काम, स्वस्त झालेली साखर व तेल यांचा त्यात मोठा वाटा आहे. ऊस पिकवणाऱ्या सातारा-सांगलीकरांना हे निराळे सांगायला नको. म्हणून जाड माणसाची थट्टा करणारा संयम हा संयमच नव्हे. दुसरे असे की, मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता उपास करणे घातक ठरू शकते. अध्यात्म हे औषधाला पर्याय नाही. औषध जेथे पोहोचत नाही, त्या भयापर्यंत ते पोहोचते, एवढाच त्याचा अधिकार.

मग करायचे काय? आरंभ आग्रहापासून करावा. लग्नाच्या पंगतीत, निरोपसमारंभात, शिक्षकांच्या खोलीतील पेढ्यांच्या पुड्याभोवती आपण 'नको' हा शब्द अपमान समजतो. यजमानाने एकदा विचारावे, पाहुण्याचे 'पुरे' खरे मानावे. जेवणाआधी श्लोक म्हणण्याची जुनी रीत होती. तिच्यातील श्रद्धा ज्याला मान्य नसेल त्यानेही तेवढा क्षणभराचा थांबा घ्यावा आणि ही भूक पोटाची की मनाची, एवढे स्वतःला विचारावे.

हल्ली घरी प्रस्तुत लेखक स्वतःच्या हाताने वाढून घेतो. पहिल्या दिवशी आई म्हणाली, "पोट भरलं का रे खरंच?" 'भरलं' हे उत्तर तिला पटायला कित्येक महिने लागले. खरे सांगायचे तर, त्याला स्वतःला पटायला त्याहून अधिक लागले. सीमांत उपयोगितेचा नियम पुस्तकातून एका तासात शिकवता येतो. 'पुरे' हा शब्द मात्र रोज, प्रत्येक ताटावर, नव्याने शिकावा लागतो.